प्रश्नचिन्हाची रिकामी चौकट

४ जानेवारी

फुगेवाल्या बाईंनी सांगितलं आहे, रोजची नोंद ठेवा. काय खाल्लं, हात किती हलला, कशाला हसले, कशाला चिडले. मी म्हटलं, बाई, मी मुख्याध्यापिका होते, नोंदी कशा ठेवतात ते मला माहीत आहे. त्या गेलेली वाचा परत आणण्याचे व्यायाम शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी ह्यांच्या हातात लाल फुगा दिला आणि फुंका म्हणाल्या. जन्मभर लग्नपत्रिका आणि मानपत्रं लिहिलेला माणूस, आणि तोंडात फुगा. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसत बसले. डबे पुसलेलेच होते.

आजची नोंद. उजवा हात, उजवा पाय: काही नाही. वाचा: काही नाही. डावा हात ठीक. बोललेलं सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणतात. न्याहारी पूर्ण. हसले नाहीत, चिडले नाहीत.

७ जानेवारी

एक निर्णय घेतला. ह्यांच्या अक्षराचा फाँट करायचा. लेक हेच काम करते, संगणकावर अक्षरं घडवते. आजवर बिस्किटांच्या पुड्यांसाठी केलं, बँकांसाठी केलं, आता बापासाठी करेल. फोन केला. ती म्हणाली, "बाबांना चालेल?"

"न चालायला काय झालं. हात गेला, अक्षर तरी राहील."

"पण तू विचारलंस का त्यांना?"

"शनिवारी ये. आणि स्कॅनर विसरू नकोस. मागच्या वेळी चार्जर विसरली होतीस."

९ जानेवारी

लेक आली. दिवसभर पुढच्या खोलीत होतो. ही ह्यांची कामाची खोली. खिडकीशी उतरतं मेज, त्यावर टाकांचा उभा डबा, शाईच्या बाटल्या, टाक पुसायची चिंधी. चिंधी कडक झाली होती, मी ती टाकून दिली. समोर गिऱ्हाइकांचा बाक. लिहिलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत हे पेटीत ठेवत. चार पेट्या निघाल्या. लग्नं, मुंजी, पदवीदान, सत्कार, एकसष्ट्या, शोकसंदेश.

अक्षर मला कितीही सवयीचं असलं तरी आज पुन्हा बघत बसले. शिरोरेषा सरळ असूनही ताणलेली वाटत नाही. वेलांटी केसासारखी बारीक निघते आणि खाली येता येता भरते. उकाराची शेपटी पुढच्या अक्षराच्या पायाशी जाऊन थांबते, त्याला धक्का लावत नाही. समारंभाचं अक्षर. ह्या अक्षरात कुणी मला किराणा मालाची यादी दिली असती तर मी दुकानात उभ्यानेच वाचत राहिले असते. पण घरात हे कधी काही लिहीत नसत. याद्या मी लिहायची.

लेकीने एकाच नावाच्या तीन मुलींच्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या. "आई, बघ ना. नाव तेच, पण एकही अक्षर सारखं नाही. यातलं कोणतं घेऊ?"

मी म्हटलं, सगळ्यात नीटनेटकं असेल ते घे.

याचं कारण मला माहीत आहे. नाव कानांनी ऐकल्याशिवाय ते लिहायचं नाही, असा ह्यांचा हट्ट होता. गिऱ्हाईक कागदावर नाव घेऊन आलं की हे कागद बाजूला ठेवत आणि विचारत, "घरात हाक कोण मारतं? त्यांना आणा." मग कुणाची आजी, कुणाची आई त्या बाकावर येऊन बसायची, लाजत लाजत हाक मारायची, आणि हे डोळे मिटून ऐकायचे. "अजून एकदा. जेवायला बोलावताना मारता तशी मारा." मी आतून सांगायची की एवढ्या वेळात दुसऱ्या कुणी दहा पत्रिका लिहून टाकल्या असत्या. हे नुसते हसायचे.

१८ जानेवारी

लेकीने पहिला नमुना छापून पाठवला. जाड, पिवळसर कागदावर खोट्याच वधूवरांची निमंत्रणपत्रिका. फार सुबक झाली आहे. चहाच्या वेळी ह्यांच्यासमोर धरली. ह्यांनी बराच वेळ पाहिली. मग डावा हात कपाला लागला आणि सगळा चहा कार्डावर सांडला. हाताचा अंदाज अजून चुकतो. फुगेवाल्या बाईंना सांगायला हवं.

२३ जानेवारी

दुसरी प्रत आणवली. आज पाण्याचा पेला. मावशी (दिवसभर ह्यांची सेवा करायला ठेवलेल्या बाई) म्हणाल्या, "बाई, इतर वेळी तर पेला छान धरतात हो."

मी म्हटलं, थकवा असतो माणसाला. नमुना लॅमिनेट करून आणला आहे. आता खुशाल सांडू देत.

२ फेब्रुवारी

मोठ्या आकारात छापलेली सगळी मुळाक्षरं समोरच्या भिंतीवर लावली, म्हणजे पडल्या पडल्या दिसतील. हे दिवसभर तोंड दुसऱ्या भिंतीकडे करून पडले. म्हणून दुपारी मावशींना हाताशी घेऊन मी पलंग फिरवला. संध्याकाळपर्यंत ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. डोळ्यांतच काहीतरी बिघाड असणार.

४ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे तपासले. डोळे उत्तम आहेत म्हणाले. जाताना भिंतीकडे बघत म्हणाले, "हे कुणाचं अक्षर? वा!" ह्यांनी उशीत तोंड खुपसलं. कौतुक ह्यांना कधीच सहन झालेलं नाही.

जेवण निम्मं. कालही निम्मंच होतं.

९ फेब्रुवारी

छापखानेवाले आले. तीस वर्षांचा घरोबा. येताना फळं आणली, बाकावर बसायच्या ऐवजी पलंगाच्या कडेला बसले आणि ह्यांचा गेलेला हात हातात घेऊन बोलत राहिले. "मास्तर, तुमच्या हातचं कार्ड मिळावं म्हणून लोक मुहूर्त पुढे ढकलायचे! आता बटण दाबलं की कार्ड. घराघरात जाल तुम्ही."

ह्यांनी डाव्या हाताने हळूच तो उजवा हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला. गारठा आहेच सध्या.

पुढच्या महिन्यात छापखान्याचा नवा पत्रिका-संच निघणार आहे, त्यात हा फाँट पहिल्या पानावर. उद्घाटनाला ह्यांना खुर्चीतून नेऊ, शाल घालू. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय ते छापखानेवाल्यांना माहीत आहे, शाळेच्या प्रश्नपत्रिका ते वेळेत देत आणि मी वेळेत पैसे.

जाताना दारात थांबून त्यांनी पाकिटातून स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा काढला. बायकोच्या नावापुरता कातरलेला. तिला जाऊन चार वर्षं झाली. "हिच्या आईच्या तोंडून नाव ऐकायला मास्तर त्या वेळी सायकल मारत गावाबाहेर गेले होते," म्हणाले, आणि रुमाल काढला. मी पाणी आणायला आत गेले.

१४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. काम संपत आलं आहे. जोडाक्षरं झाली, अंक झाले, पूर्णविराम, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, सगळं पेट्यांत मिळालं. उद्गारचिन्हं तर ढिगाने. फक्त एक वस्तू मिळत नाही.

"आई, बाबांनी प्रश्नचिन्ह कधी काढलंच नाही. चार पेट्या, आणि एकही नाही."

विचार केला तर बरोबर आहे. निमंत्रणात प्रश्न नसतो. मानपत्रात नसतो. शोकसंदेशात तर नसतोच. समारंभात कुणी कुणाला काही विचारत नाही, सगळं ठरलेलं असतं.

"दुसऱ्या एखाद्या फाँटमधलं घेऊ? कुणाला कळणार नाही."

"उसनं काही नको. ह्यांच्याच हातचं हवं. डावा हात आहे ना शाबूत, मी काढून घेते."

ती हसल्यासारखी झाली. "तुझ्या शाळेच्या नोटिसा काढल्या तर त्यातही नसेल बघ. तू विचारत कुठे असायचीस? 'उद्या सातला हजर राहावे.' संपलं."

हजर राहायची मुलं. ते नाही सांगितलं तिने.

१७ फेब्रुवारी

मेजावरचा रुंद टाक आणला, शाईत बुडवला, ह्यांच्या डाव्या हातात दिला. पाटीवर कागद लावून समोर धरला. मी म्हटलं, "प्रश्नचिन्ह काढा." ह्यांनी टाक धरला. हात डावा, पण बोटांची पकड तीच, जुनी. मग बोटं उघडली. टाक चादरीवर पडला.

१८ फेब्रुवारी

पुन्हा टाक पडला. चादरीवरचे डाग आता धुऊनही जाणार नाहीत.

१९ फेब्रुवारी

पेन्सिल देऊन पाहिली. घेतलीच नाही. पहिलीतली मुलं असं करतात. मी जरा चढ्या आवाजात बोलले. मावशी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. जेवण: दोन घास. डॉक्टर म्हणाले, असं खाणं राहिलं तर अंगात काही उरणार नाही, आणि अर्धांगाचा दुसरा झटका आला तर मी काही सांगू शकत नाही.

२२ फेब्रुवारी

फुगेवाल्या बाईंनी आज मला बाहेर बोलावलं. वाचा परत येईल असं त्यांना आता वाटत नाही. स्पष्ट बोलल्या ते मला आवडलं. मग म्हणाल्या, फुगे बंद. आता ह्यांना दोनच गोष्टी शिकवायच्या. डाव्या हाताचं बोट वर, म्हणजे हो. मूठ, म्हणजे नाही.

आत येऊन त्यांनी पलंगाशी खुर्ची ओढली. "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?" मूठ. "लिहिणारे आहात?" बोट वर आलं, थोडं थांबलं आणि खाली गेलं. मूठ.  मग बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "या तुमच्या सासूबाई का?"

हे हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण खांदे हलले. मूठ. आणि मूठ माझ्या दिशेने जरा हलवली सुद्धा. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. नोंद: हसले.

"आता तुम्ही विचारा," फुगेवाल्या बाई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "औषध मघाशी दिलं आहे. आता दुखत नसणार."

"हे सांगणं झालं, बाई. विचारा."

"दूध घ्यायची वेळ झाली आहे."

"तेही सांगणंच. रोज त्यांना काय विचारता तुम्ही?"

"काही विचारावं लागत नाही. एवढ्या वर्षांनी मला ठाऊक असतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हेही माझ्याकडे बघत होते. वर्गात फळ्याशी उभं केलेल्या मुलाकडे सगळा वर्ग बघतो तसं. मी म्हटलं, उद्या.

२३ फेब्रुवारी

दुपारी मावशींना बाजारात पाठवलं. दार लावून घेतलं. ह्यांच्या समोर बसले. काय विचारायचं ते सकाळीच पाठ केलं होतं तरी जीभ वळेना. मी बी.ए.ला वक्तृत्वात पहिली आलेली. शेवटी लॅमिनेट केलेला तो नमुना हातात घेतला आणि बोलले.

"हे तुम्हाला हवं आहे का?"

मूठ.

नीट कळावं म्हणून पुन्हा विचारलं. "तुमच्या अक्षराचा हा फाँट. लोकांनी वापरावा असं वाटतं का?"

मूठ. इतकी घट्ट की पेरं पांढरी पडली.

म्हणजे तो चहा. आणि ते पाणी. आणि ती भिंत.

मी उठून भिंतीवरची अक्षरं उतरवली. टाचण्या एकेक काढून डबीत भरल्या. ह्यांचं तोंड तेवढा वेळ माझ्याकडे होतं. अक्षरं निघाल्यावर भिंत फार मोठी दिसते.

रात्रीचं जेवण पूर्ण.

२४ फेब्रुवारी

सकाळीच छापखान्यात गेले. यंत्रं चालू होती, मोठ्याने बोलावं लागलं. म्हटलं, शब्द दिला होता, मोडते आहे. छापखानेवाले बघतच राहिले. "बाई, पहिलं पान छापून झालंय! आता काय सांगू लोकांना? सांगा ना, काय सांगू?"

"मी मोडला म्हणून सांगा."

"आणि मास्तरांचं काय? त्यांचं नाव व्हायला नको? असं वाऱ्यावर सोडायचं त्यांचं काम?"

"त्यांना नको आहे."

"ते बोलले?"

"मी विचारलं."

त्यांनी यंत्रं बंद करायला लावली. एकदम शांत झालं सगळं. छापलेल्या पानांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून ते उभे राहिले. वरच्या पानावर खोट्या वधूवरांची नावं. मग पाकीट काढलं, तो तुकडा काढला, पानाशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे पाहत राहिले. मीही पाहिलं. चष्मा नीट करून पाहिलं. एक नाव कुणीतरी हाक मारलेलं होतं, दुसरं नुसतं छापलेलं.

"जा तुम्ही, बाई," ते म्हणाले. "बघतो मी." चिडलेले होतेच. पण दारापर्यंत सोडायला आले.

२७ फेब्रुवारी

लेक आली ती भांडायलाच. चपला काढायच्या आधीपासून. "दोन महिने, आई! नोकरी सांभाळून! आणि तू मला फोनवर सांगतेस, बंद कर? आधी फोनवर सांगितलंस सुरू कर, मी केलं. कधीतरी मलाही विचार!"

"ह्यांना नको आहे."

"मला हवंय!" ती बापाच्या पलंगाशीच बसून रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक न पुसता. "आवाज गेला, हात गेला. मला हाक मारायचे तीही गेली. माझ्याकडे काय राहिलं मग? निदान माझं नाव तरी त्यांच्या अक्षरात..."

 हिला शाळेतून आणताना रस्ता ओलांडायचा की मी मनगट धरायची, हे बोट पुढे करायचे, एवढंच आठवत राहिलं.

तिने स्वतःच डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि ह्यांच्यासमोर धरला. बोट आणि मुठीचं मी तिला सांगितलेलं होतं.

"बाबा, हे सगळं पुसून टाकू?"

हे पाहत राहिले. अक्षरांवरून नजर फिरली, एकेका ओळीवरून. हिशेब तपासावा तशी नाही, जुन्या वर्गातल्या मुलांचा फोटो बघावा तशी. मूठ.

"लोकांना देऊ?"

मूठ.

"माझ्याजवळ ठेवू? फक्त माझ्याजवळ?"

बोट हळूहळू वर आलं. वर आलं ते तसंच राहिलं, खाली जाईना. तिने ते बोट मुठीत धरलं.

संध्याकाळी ती मला दाखवत होती. फाँट पूर्ण आहे, फक्त प्रश्नचिन्हाचं बटण दाबलं की तिथे रिकामी चौकट येते. जे अक्षर फाँटमध्ये नाही, त्याच्या जागी यंत्र चौकट टाकतं. "राहू दे अशीच?" तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

जाताना चार्जर विसरली.

६ मार्च

जेवण पुन्हा निम्म्यावर आलं आहे. आता भिंत कोरी आहे, टाक आत ठेवले आहेत, कुणी काही काढायला सांगत नाही, तरी निम्मं. डॉक्टर नाडी धरून जास्त वेळ बसले. दारात मला म्हणाले, लेकीला जवळच राहू द्या. रजा मिळाली की येते, असं ती म्हणाली आहे.

९ मार्च

फुगेवाल्या बाईंनी बजावलं होतं, असाच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर हो किंवा नाही येईल. आज माझी चूक झाली. उशी नीट करत होते, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं.

"तुम्हाला काय हवं आहे?"

ह्यांच्याजवळ एक बोट आहे आणि एक मूठ आहे. हात चादरीवर उघडा पडून राहिला. बोटं जराशी हलली, कुठलंच उत्तर होईना. डोळे भरून आले ह्यांचे. इतक्या वर्षांत हे मी विचारलं नाही, आणि विचारलं ते आत्ता.

मग मी एकेक करून विचारायला लागले. पाणी हवं का? मूठ. खिडकी उघडू? मूठ. लेकीला फोन लावून देऊ? बोट अर्धं वर, मग खाली. म्हणजे आत्ता नको. मेज बघायचं आहे? पुढच्या खोलीत नेऊ? कुठे दुखतं आहे का? दिवा बंद करू? मूठ, मूठ, मूठ. मावशी दारातून म्हणाल्या, "बाई, दमले असतील ते." खरंच दमले होते. मी उठले. दूध उतू जायला आलं असेल, डबे पुसायचे होते, धुणं आत आणायचं होतं. दारापर्यंत गेले आणि मागे वळून सहज म्हटलं,

"का मी नुसती इथे बसू?"

बोट वर.

दूध मावशींनी उतरवलं. डबे आज तसेच राहिले.